सकर्मक

नऊशे प्रश्नांची वही होती माझ्यापाशी,
आणि एक उसनी सायकल, सतत डावीकडे ओढणारी.
विद्यापीठानं बजावलं होतं, म्हातारे गाठा,
जन्मगाव न सोडलेले,
दात शाबूत असतील तर उत्तम,
शब्द सुटे ऐकू येतात.

जेबेझ ट्रेविनला दात नव्हते.
उत्तर कॉर्नवॉलात, पाटीच्या खाणीमागच्या उतरणीवर
त्याचं घर; दाराशी एक बहिरी कुत्री.
बायको थर्झा आत काहीतरी घासत होती
आणि घासता घासता ऐकत होती.

प्रश्न एकशे बारा :
बटाट्याच्या रोपाला माती चढवता,
त्या करण्याला काय म्हणता?

"हेल," तो म्हणाला.
मी लिहिलं, हील. बरे करणे.
"वाच बघू काय लिहिलंस."
वाचलं.
इतका हसला, की कुत्रीला ते जमिनीतून कळलं.
"बटाटा आजारी आहे का, पोरी?
ओठ ताण. हे-ल."
त्या शब्दालाच एक हेल होता,
शेवटचा ल खाणीच्या कडेनं उतरत गेलेला.

मग उठलाच. शिडी लावली.
"बाप हेलियर, त्याचा बाप हेलियर.
घरं शाकारली आम्ही, चर्च शाकारलं,
दारूचं गुदामही. शाकारलं म्हणजे हेललं."
खालच्या ओळीत थोरली पाटी, वर जावं तशी धाकटी,
ओकच्या खुंटीवर अडकवलेली.
"दिसते ती तिसरा हिस्सा फक्त.
बाकी अंग दुसरीच्या खाली. नाहीतर गळेल."
मी शिडीच्या चौथ्या पायरीवर,
एका हातानं लिहीत, दुसऱ्यानं जीव धरून.

आतून थर्झा ओरडली,
"विस्तवाचं सांग की तिला."
हो, विस्तव. रात्री निखाऱ्यांवर राख ओढायची,
तेही हेल.
पहाटे फुंकर मारली की खाली लाल असतं सगळं.
हे तिनं स्वतः दाखवलं, फावड्यानं,
दिवसाढवळ्या, चूल थंड असताना,
नुसत्या हवेवर राख ओढून.

माझ्या तक्त्यात चार उदाहरणांची जागा होती.
छप्पर, बटाटे, विस्तव.
"आणखी काही?" मी विचारलं.
पंचवीस वर्षांची होते,
रिकामा रकाना मला बघवत नसे.

तो बघत राहिला बांधाकडे,
गूजबेरीची झुडपं संपतात तिथे.
आत घासणं थांबलं.
"जेबेझ," ती म्हणाली. एवढंच.
आणि त्यानं सांगितलं ते एक वाक्य,
भूतकाळी, कर्त्यासह, कर्मासह,
वारदेखील होता त्यात, गुरुवार.
मग न पेटवलेला पाइप तोंडात धरला
आणि माझ्यासाठी चहा आला,
दोन चमचे साखर घातलेला,
रेशनच्या दिवसांत.

मी ते वाक्य लिहून घेतलं. घेतलंच.
माझं कामच ते होतं.

आठ वर्षांनी मुद्रितं आली.
हेल : सकर्मक, जुने, पश्चिमेकडचे.
झाकणे; शाकारणे; माती चढवणे;
क्वचित, गुपित राखणे.
शेजारी समासात संपादकांची तांबडी शाई,
"चौथे उदाहरण कोठे? मूळ वही पाहावी."

मी मूळ वही पाहिली.
त्या पानावर चहाचं वर्तुळ होतं,
आणि त्याच्या आत ते वाक्य,
अक्षर न अक्षर स्वच्छ.

उत्तर पाठवलं :
क्षमस्व. त्या दिवशी पाऊस होता,
शाई पसरली, चौथे वाचता येत नाही.

पाऊस नव्हता.
बांधावर थर्झाचे धुतलेले कपडे पडले होते,
आणि गूजबेरीपलीकडच्या गवतात
हाताएवढी एक पाटी, आडवी,
उन्हानं इतकी तापलेली
की मी चटकन बोटं काढून घेतली होती.